मोत्यांच्या वेलीला पाणी

आमच्या बैठकीच्या खोलीचं छत वेलीबरोबर वाढतं. वेल वीतभर लांब झाली की छत वीतभर वर जातं, त्यामुळे वेलीचं टोक फरशीला टेकत नाही. ते माझ्या गुडघ्याच्या उंचीवर लोंबत असतं. बाहेरून इमारत होती तेवढीच आहे.

वेल माझ्या वडिलांनी आणली. आई गेल्यावर आप्पांनी बरेच दिवस काहीच केलं नाही, आणि मग एका सकाळी ते नर्सरीतून ही कुंडी घेऊन आले. हिरव्या मण्यांच्या सरी काठावरून खाली उतरत होत्या. मणी वाटाण्याएवढे, आत पाणी भरलेले.

"हिला फार काही लागत नाही, हेमा," आप्पा म्हणाले. "मणी मऊ पडले तर पाणी द्यायचं. टणक असले तर हात लावायचा नाही. जास्त माया केली की ही कुजते."

खिडकीजवळच्या कडीला त्यांनी कुंडी टांगली. तिच्या शेजारीच सामानाचा माळा आहे. आप्पा शिडीने माळ्यावर चढायचे, जुन्या गाद्यांवर मांडी घालून बसायचे आणि कुंडीत बोट खुपसून माती बघायचे. एकदा ते वर असतानाच वेल जोरात वाढली. छत वर गेलं, छताबरोबर माळा गेला, आणि शिडी खाली राहिली.

"आप्पा, उडी मारू नका," मी म्हणाले.

"मी कशाला उडी मारतोय? इथून मणी छान दिसतात."

मी दोर वर फेकला. आप्पांनी तो माळ्याच्या लाकडावरून घेऊन दोन्ही टोकं खाली सोडली. एका टोकाला मी तांब्या आणि जेवणाचा डबा बांधायचे आणि दुसरं टोक ओढायचे. सुरुवातीला डबा रिकामा परत यायचा. पुढे भाकरी तशीच यायची, फक्त आमटी संपलेली असायची. नंतर आप्पा म्हणाले, डबा नको, पाणीच पाठव.

माझा भाऊ श्रीकांत बंगळुरूला असतो. मी त्याला फोन केला.

"आप्पांना दे," तो म्हणाला.

"फोन तिथवर पोचत नाही."

"मग खाली यायला सांग."

"सांगितलं."

"काय म्हणाले?"

"वर उजेड चांगला आहे म्हणाले."

"त्यांच्या मनासारखं होऊ दे," श्रीकांत म्हणाला. " मी दोर पाठवतो." त्याने खरंच पाठवला. निळा, नायलॉनचा, चांगला लांब.

आमच्या वरच्या मजल्यावर शिकलगार भाभी राहतात. मी त्यांच्याकडे गेले आणि तुमची फरशी वर आली आहे का, असं विचारलं. भाभींनी मला आत घेतलं. फरशी सपाट होती, तिच्यावर त्यांनी सांडगे वाळत घातले होते.

"आमच्यात काही नाही बघ," भाभी म्हणाल्या. "दुपारची तेवढी गार लागते."

मी सांडगे बाजूला सारून फरशीला कान लावला. आप्पा खोकत होते. पण तो खोकला फरशीच्या लगेच खालून येत नव्हता. विहिरीच्या तळातून यावा तसा, खूप खोलवरून येत होता. म्हणजे वरून गेलं तरी ते तेवढेच लांब होते. भाभींनी माझ्या हातात चहा दिला. मी तो तिथेच बसून प्यायले.

घरी आल्यावर मी शिवणाची कात्री घेतली आणि वेलीचं टोक हातात धरलं.

"हेमा, कात्री ठेव," वरून आवाज आला. तेवढ्या उंचीवरून त्यांना कात्री दिसणं शक्य नव्हतं.

मी हातभर वेल कापली. आप्पा वर एकदाच, हळू, कण्हले. संध्याकाळपर्यंत कापल्या जागी दोन फुटवे आले. दोन्ही वाढायला लागले आणि छत दुप्पट वेगाने वर गेलं. कापलेला तुकडा मी टाकला नाही. वाटीत माती घेऊन तिच्यावर पसरून ठेवला.

मग मी पाणी बंद केलं. वेलीची वाढ थांबली, छत थांबलं. मला वाटलं, हे मला आधीच सुचायला हवं होतं. दिवसामागून दिवस छत जागेवर राहिलं. मणी मात्र सुरकुतले, जुन्या मनुकांसारखे दिसायला लागले, आणि आप्पांचा आवाज बारीक झाला.

"हेमा," ते म्हणाले, "पाणी पाठवतेस ना?"

"पाठवलं की तुम्ही आणखी वर जाल, आप्पा."

"ते खरं आहे."

"मग काय करू?"

मी मान वर करून वाट पाहत उभी राहिले. मान इतकी दुखत होती की रडणंही जमलं नाही. बऱ्याच वेळाने ते म्हणाले, "आम्हाला फार नाही लागत. थोडंच दे." ते 'आम्हाला' म्हणाले. मी तांब्या भरला आणि दोर ओढला. मणी फुगले. छत वर गेलं.

आता मला आप्पा दिसत नाहीत. खिडकी छताबरोबर उंच होत गेली आहे, तिच्यातून खूप ऊन येतं, आणि त्या उन्हात वर पाहिलं की डोळ्यांत पाणी येतं. निळा दोर पुरेना तेव्हा मी त्याला आईच्या साड्या जोडल्या. तांब्या वर पोचायला इतका वेळ लागतो की तेवढ्यात माझा स्वयंपाक होतो.

आज सकाळी तांब्या भरलेलाच परत आला. मी हाक मारली. हाक वर जाताना ऐकू येत राहिली, मग येईनाशी झाली.

थोड्या वेळाने वेल खाली यायला लागली. कुणीतरी हाताने सोडत असावं तशी, सावकाश. मणी गळू नयेत म्हणून मी ती हातांवर झेलली, गोल गुंडाळून कॉटवर ठेवली आणि पुढची घेतली. कॉट भरली. खुर्च्या भरल्या. दाराकडे जायची वाट भरली. भाभींनी बाहेरून कडी वाजवली.

"हेमा, बरी आहेस ना?"

"हात मोकळे नाहीत, भाभी."

"मी थांबू का?"

"वेळ लागेल," मी म्हणाले. त्या तिथेच थांबल्या. त्यांच्या बांगड्यांचा आवाज येत होता.

दुपार उलटली तेव्हा वेलीचे देठ जाड आणि राकट लागायला लागले. मग हातांना माती लागली. कुंडी नव्हती, नुसती माती. तिच्यामागून मुळं आली, पांढरी, केसांएवढी बारीक, आणि तीही संपेनात. मी ओढत नव्हते, फक्त घेत होते. कमरेपर्यंत मुळं साचली तेव्हा माझी साडी भिजली आहे हे माझ्या लक्षात आलं. मुळं ओली होती. वर त्यांना नुकतंच कुणीतरी पाणी घातलं होतं.