एका मात्रेची चोरी

१९७६ साली चिमटी चौदा वर्षांची होती आणि शाळा सुटल्यावर रोज दोन तास कोंडली जात होती.

संधिवाताने आत्याची बोटं वाकडी झाली आणि वाद्यवृंदातली व्हायोलिनवादकांची तिची पहिली, मानाची खुर्ची गेली. ती खुर्ची आता चिमटीने मिळवायची, असं आत्याने परस्पर ठरवून टाकलं. आई नसलेल्या त्या घरात आत्यापुढे कोणाचं चालत नसे. बाबा ध्वनिमुद्रणाचं काम करायचे. बहिणीच्या हुकमावरून त्यांनी अडगळीच्या खोलीला आतून घोंगड्या ठोकल्या, मायक्रोफोन लावला, चिमटीला आपल्या चुका ऐकता याव्यात म्हणून टेपरेकॉर्डरही ठेवला. बाहेर आत्या स्पीकरला कान लावून बसे. पोरगी दोनदा पळाली, तेव्हा दाराला बाहेरून कडी आली.

खिडकी नव्हती. घोंगड्यांना ओल्या लोकरीचा वास येई आणि हाक मारली तरी ती त्यांतच जिरून जाई.

चिमटीने एकदा सगळा सराव टेप करून ठेवला. दुसऱ्या दिवसापासून तीच टेप मायक्रोफोनपुढे लावून ती वहीत चित्रं काढू लागली. चित्रकादंबरीच होती ती. एक मुलगी व्हायोलिनच्या पोटात पडते आणि अंधारात वाट शोधत हिंडते. वही भरत आली, पण तिला बाहेर कसं काढावं ते काही सुचेना.

"रोज त्या लांब सुरावरच बरा खोकला येतो गं तुला?" चौथ्या दिवशी जेवताना आत्याने विचारलं. बाबांनी ताटातून मान वर केली नाही.

पाचव्या दिवशी टेपवर खोकलाच नव्हता. चिमटीने वाकून पाहिलं. फितीवर चिकटपट्टीचा बारीक सांधा होता. पात्याने वीतभर फीत इतकी सफाईने कापणारं घरात एकच माणूस होतं. बाबांना सगळं ठाऊक होतं, आणि तरी रोज कडी तेच लावत होते.

तेवढ्यात कडी खडखडली. दारात आत्या, तिच्यामागे बाबा. टेप वाजतच होती.

"काल या सुराला आठ मात्रा होत्या आणि वर खोकला. आज सातच. एक कोणी खाल्ली?"

"मी," बाबा म्हणाले.

"तू बोलूच नकोस!" आत्याने वही ओढून घेतली. वाकड्या बोटांनी एकेक पान उलटत ती शेवटापर्यंत आली. "ही अजून आतच?"

"दार बाहेरून बंद आहे ना तिचं," चिमटी म्हणाली.

आत्या स्टुलावर बसली. टेप संपली, फितीचं टोक फटफट आपटत राहिलं. ती बाबांना म्हणाली, "अरे, ती कडी काढून टाक."

स्क्रूड्रायव्हर बाबांच्या खिशातच होता.

खुर्ची दुसऱ्याच कोणाला मिळाली. आत्या त्याच खोलीत, दार सताड उघडं टाकून, आळीतल्या पोरांना शिकवत राहिली. शेजारी कुरकुरायचे, आणि ती शेवटपर्यंत म्हणायची, "हात होता हो आमच्या पोरीचा!" चिमटीने जन्मभर पुस्तकांसाठी चित्रं काढली. तिची ती वही चाळिशीत छापली गेली. शेवटच्या चित्रात एक वाकड्या बोटांची बाई व्हायोलिनची वरची फळी झाकणासारखी उचलते.

बाबा गेल्यावर त्यांच्या डबीत वीतभर फीत सापडली. वर त्यांच्या अक्षरात तारीख आणि एकच शब्द: खोकला.