तीसपासून उलटी मोजणी

मी एका राउटरमधला वॉचडॉग टायमर बोलतोय. नाव राखणीच्या कुत्र्याचं, पण भुंकणं माझ्या नशिबी नाही. मी फक्त तीसपासून उलटं मोजतो. शून्याच्या आत प्रोग्रामने मला घास भरवला, की पुन्हा तीस. नाही भरवला, तर तो कुठेतरी अडकलाय असं धरून मी अख्खा राउटर बंद करून पुन्हा सुरू करतो. पगार नाही, सुट्टी नाही.

आमचा प्रोग्राम लिहिणाऱ्या इंजिनियरने आम्हाला आपल्या आईकडे बसवलं. आई एकटी. घरात मोबाइलला रेंज नाही, तिचे फोन आमच्यावरूनच लागायचे. मुलगा कामसू, पण विसरभोळा. म्हणून त्याने आपल्या मोबाइललाच सांगून ठेवलं होतं, रोज दुपारी एकला आईला आपोआप मेसेज जाऊ दे: ‘आई, जेवलीस का?’

मला भरवायचं कामही त्याने असंच उरकलं होतं. ते मुख्य प्रोग्रामवर न सोपवता आतल्या घड्याळाच्या ठोक्याला बांधलं. ठोका पडला की घास. खरं काम चालू असो वा नसो. कंपनीत माहितीपुस्तिका लिहिणाऱ्या बाईंनी त्याला विचारलंही होतं, की याला भरवतं कोण? “ते चालतं, तुम्ही लिहा,” म्हणून त्याने त्यांना वाटेला लावलं.

एका सोमवारी सकाळी मुख्य प्रोग्राम अडकला आणि घरातलं इंटरनेट बंद पडलं. हिरवा दिवा मजेत जळत होता. मी वेळच्या वेळी जेवत होतो, मला काय कळणार? मंगळवारी आई बाथरूममध्ये घसरली. पाऊल सुजून टम्म. मुलाला फोन लावला, लागेना. कामात असेल, म्हणाली आणि पडून राहिली. मला अजून त्याची लाज वाटते.

गुरुवारी सकाळी तिला पाय शेकायला विजेची पिशवी लावायची होती. पलंगाजवळ प्लग एकच, म्हणून तिने आमची पिन उपटली. शेकून झाल्यावर परत खोचली आणि आम्ही जिवंत झालो. तीन मेसेज एकदम आले. जेवलीस का, जेवलीस का, जेवलीस का.

तिने फोन लावला. रागावली असती तर बरं झालं असतं.

“वेळ मात्र तू चुकत नाहीस हं,” एवढंच म्हणाली.

तो धावत आला. तिच्या पायाला प्लास्टर घालून आणलं आणि मग मला उघडून बसला. बाईंना त्याने स्वतःच लिहून पाठवलं: ‘खरं काम पार पडल्यावर, ज्याने ते केलं त्यानेच भरवावं. घड्याळावर सोपवू नये.’ बाईंनी त्यातला एक शब्दही बदलला नाही.

आता मी अधूनमधून उपाशी राहतो, शून्यावर पोचतो, राउटर बंद करून सुरू करतो. दोन मिनिटं फोन लागत नाही, आई कुरकुरते. कुरकुरू दे. मला फक्त खोटा घास भरवू नका, एवढंच मागणं आहे.

तो आपोआप जाणारा मेसेज मुलाने बंद केला. स्वतः फोन करतो, कधी साडेबाराला, कधी पावणेदोनला. एक वाजून गेला की आई हातातलं काम ठेवून फोनकडे बघत बसते. मनात मोजत असते, मला कळतं.

परवा अडीच झाले तरी फोन नाही. तिनेच लावला.

“अडकलास का रे कुठे?”

तो सकाळपासून प्रोग्राममधल्या एकाच चुकीपाशी अडकून बसला होता.

“बंद कर ते,” ती म्हणाली. “जेवून घे आणि मग पहिल्यापासून सुरू कर.”