खालचं माप

टेलरमास्तर दोन वर्षांत एकदाही वाकले नव्हते. पडलेला खडू उचलताना पाठीत अशी उसण भरली की अंथरूणच धरलं, आणि तेव्हापासून त्यांनी जमिनीशी बोलणंच टाकलं. वजन वाढत गेलं, पोट टेबलाला टेकू लागलं, तशी भीतीही फुगली. व्यायाम शिकवणारी डॉक्टरीण सांगून थकली, "पाठ काचेची नाही, मास्तर. दुखलं म्हणजे मोडलं असं नसतं." मास्तर मान डोलवत. हलवायला तेवढी मानच बिनधोक होती.

पॅंटच्या मापाला मात्र कुणीतरी खाली बसावंच लागतं. ते बायको करी. ती गुडघे टेकून आकडा सांगी, मास्तर उभ्याउभ्या लिहीत आणि वर तिलाच शहाणपण शिकवत.

आज हॉटेलचे वेटर गणवेशाच्या मापाला आले होते. एवढं मोठं काम वर्षात आलं नव्हतं. पहिला वेटर पाय फाकवून उभा राहिला. बायको टेबलाचा काठ धरून बसायला गेली आणि अर्ध्यावरच "आई गं" म्हणाली. गुडघा टम्म सुजला होता.

"हे कधीपासून?"

"झाले बरेच दिवस. तुमच्या पाठीपुढे माझं काय सांगायचं?"

मास्तरांना स्वतःचाच संताप आला. "सरक. टेप दे."

"अहो, पाठ धरली म्हणजे?"

"धरली तर धरली."

टेबलाला धरून त्यांनी एक गुडघा टेकला. पाठीत कळ आली. आता मोडणार, म्हणून त्यांनी डोळे गच्च मिटले. कळ जराशी रेंगाळली, पण पुढे सरकली नाही. दुसरा गुडघा टेकला. मास्तर जमिनीवर होते आणि अख्खे होते.

मग काय, अंगात वारं शिरलं. "लिही पटपट. पुढचा या!" वेटर येत होते, टेप सरसर फिरत होती. पाठ कुरकुरत होती, पण तिला विचारतो कोण? बायको लिहिता लिहिता हसत होती, मधूनच डोळे पुसत होती.

शेवटचं माप झालं. वेटरांनी मास्तरांना उठवायला हात पुढे केले.

"मला राहू द्या. तिला खुर्ची द्या."

ती बसली. मास्तर गुडघ्यांवरच सरकत तिच्यापाशी गेले आणि तिच्या सुजलेल्या गुडघ्यावर हात ठेवला.

"किती दुखतं गं?"

दोन वर्षं हा प्रश्न तीच त्यांना विचारत आली होती.