वादळातली जुनी प्रार्थना

एलिशा पिकॉटला पाप सापडत नव्हते.

त्याचे पोर अशक्त जन्मले होते आणि त्याचा बाप्तिस्मा लवकर व्हायला हवा होता. पण मॅसॅच्युसेट्समधल्या त्या गावात आईबापांपैकी एक तरी चर्चच्या मंडळीत घेतलेला असल्याशिवाय पोराच्या डोक्यावर पाणी पडत नसे. आणि मंडळीत यायचे तर भर सभेत उभे राहून आपले पाप आणि त्यातून देवाच्या कृपेने कसे सुटलो ते सांगावे लागे. त्याची बायको टॅमझिन गेल्या वर्षी उभी राहिली होती, पण सांगता सांगता तिला हसू फुटले आणि तिला परत बसवण्यात आले. आता पाळी एलिशाची होती.

"शेजारच्या कोंबडीवर डोळा ठेवला होतात, ते सांगा," टॅमझिन म्हणाली.

"डोळा कसला! ती आपलाच वाफा उकरत होती."

"अहो, मग वाफ्याचं नका सांगू. फक्त कोंबडी सांगा."

पण खोटे बोलणे एलिशाला पिंपाला भोक ठेवण्याइतकेच अवघड जाई. तो पिंपे बनवी, आणि त्याचे एकही पिंप गळत नसे.

रविवारी तो सभाघरात उभा राहिला. समोर मंडळीचे कारभारी, डीकन थर्स्टन बसले होते. छापील प्रार्थनांना विरोध केला म्हणून विलायतेत बिशपच्या लोकांनी त्यांचा एक कान कापला होता. उरलेल्या कानाने ते पाखंड फार लांबून ऐकत.

"इकडे येताना जहाज वादळात सापडलं," एलिशा चाचरत म्हणाला. "मी प्रार्थना केली, आणि एकदम भीती गेली. एवढंच."

"कोणती प्रार्थना?" डीकननी विचारले.

एलिशा खाली बघत म्हणाला, "ती... जुनी. छापील पुस्तकातली."

बाकांवर कुजबुज उठली. डीकन ताडकन उभे राहिले. "ज्या पुस्तकापायी आम्ही घरदार सोडलं, त्यातली?"

"दुसरी पाठच नव्हती, डीकनसाहेब. बुडताना नवी कुठून सुचणार?"

"देवाशी बोलायला बिशपची पोपटपंची! म्हणून दाखव. मंडळींनाही कळू दे कसल्या आधारावर हा आत येऊ बघतोय."

गेले पोराचे पाणी, असे एलिशाला वाटले. त्याने डोळे मिटले आणि लहानपणी आईशेजारी गुडघे टेकून म्हणत असे, तशाच चालीत सुरू केले.

"लाटांपासून आणि काळोखापासून..."

"आम्हांला तार, प्रभू," सगळे बाक एका सुरात म्हणाले.

सगळ्यांत खणखणीत आवाज डीकनचा होता. ते अजून उभेच होते, तोंड अर्धवट उघडे. पलीकडच्या बाकांवर बायकांनी मान खाली घातली होती आणि हसू दाबताना त्यांचे खांदे हलत होते.

"तुम्हीही त्याच वादळात होतात ना, डीकन?" पाद्रीबुवांनी हळूच विचारले.

"त्याच जहाजात," डीकन पुटपुटले. "तळाशी. तिथे अंधार होता." मग म्हणाले, "आणि मी फार भ्यालो होतो."

एलिशाला मंडळीत घ्यावे असे ज्यांना वाटते त्यांना पाद्रीबुवांनी हात वर करायला सांगितले. एकेक हात वर गेला. डीकननी छताकडे बघत आपलाही हात वर केला.

"बाप्तिस्मा पुढल्या रविवारी," पाद्रीबुवा म्हणाले. "पाणी घालताना मी नव्या शब्दांत प्रार्थना करीन. तुम्ही सगळ्यांनी कृपा करून गप्प राहायचं."