एका खांबाची छत्री

"अप्पा, खांब एकच असतो," मी फोनवर पुन्हा सांगितलं. "सगळ्यांच्या छत्र्या एकाच खांबावर उभ्या असतात. तुम्ही हे चार खांब कुठून काढलेत?"

"एका खांबावर कशी राहील गे? तळ्याकडनं वारं किती येतंय."

"नट घट्ट आवळला की राहते."

"नट," अप्पा पुटपुटले.

मी धारवाडच्या बाजारात टीव्हीच्या दुकानात उभी होते, एका कानाला फोन आणि दुसऱ्या कानावर दुकानदार लोकेशची बडबड. मळमड्डीतली माझी शिलाई दुपारपुरती बंद ठेवून आले होते. दसरा तोंडावर, मास्तरणींची ब्लाउजं ढिगाने पडलेली, आणि इकडे आमचे वडील खांब मोजतायत. माझा स्वभाव आधीच तापट. पण सटवाजी केदारींवर कुणी रागावू शकत नाही. उभा जन्म कॉलेजच्या बागेत माळीकाम केलं, त्यामुळे झाडांशी बोलायची सवय आणि माणसांशी बोलायचं म्हणजे संकट. फोन तर ते कधी आपणहून करतच नाहीत. आदल्या दिवशी केला तेव्हा मी मशीन थांबवून उचलला.

"नूतन, छत्री बघाय पाहिजे," ते म्हणाले होते. "आई मागं लागलीया. मजबूत बघ. एकदा बसवली की परत बघाय नको अशी."

मला कळलं, का ते. केलगेरीत तळ्यापलीकडे आईअप्पांचं कौलारू घर आणि त्याला लागून घासभर शेत. श्रावणात फणसाची फांदी पडून केबल तुटली, आणि दोन घरांसाठी केबलवाला कशाला येतोय. जुना काट्यांचा अँटेना अजून कौलावर आहे, पण त्याच्यावर दिसणारं प्रक्षेपण बंद होऊनही आता वर्षं झाली. त्याच्यावर कावळे बसतात. म्हणजे आईचा टीव्ही दीड-दोन महिने आंधळा होता.

टीव्ही बंद ही आमच्या आईच्या बाबतीत साधी गोष्ट नाही. तानूबाईनं आयुष्यभर खानावळीत भाकऱ्या थापल्या. लिंगायत खानावळ, गिऱ्हाईक कन्नड, मालकीण कन्नड, शिव्यासुद्धा कन्नड. संध्याकाळी घरी आली की चूळ भरायची आणि सह्याद्री लावायची. "दिवसभर कन्नडात भाकरी थापली, आता दोन घटका मराठीत बसू द्या," म्हणायची. त्या वेळी घरात कुणी मरत असला तरी त्यानं जरा थांबावं, अशी तिची अपेक्षा.

"अक्का, महिन्याच्या रिचार्जची घेताय की फ्री डिश?" लोकेशनं विचारलं.

"सह्याद्री कशावर दिसतंय?"

"दोन्हीवर दिसतंय की. फ्रीवाली एकदा बसवा, मग फुकट बघत बसा. रिचार्ज संपला की अम्मा तुम्हालाच फोन करतील, बघा." लोकेशला आमची आई न बघताच कळली होती. "पण आग्नेयेकडं आभाळ मोकळं पाहिजे. घरापुढं झाड हाय काय?"

"फणस आहे. पण वडिलांनी कट्टा बांधून घेतलाय म्हणतात."

"छत्रीला कट्टा?" तो हसला. "लई शिस्तीचे दिसतात अप्पा."

मी मोठी घेतली, न गंजणारी, जाड पत्र्याची. दोन-तीन छत्र्या बोटांनी वाजवून बघितल्या आणि ज्या आवाजाला दुकानदार मान हलवत होता ती उचलली. फोन अजून चालूच होता.

"घेतली, अप्पा. भारीतली. नातवंडांच्या नातवंडांपर्यंत टिकेल."

"तिला पसंत पडायला पाहिजे, नूतन. तिलाच राहायचं हाय तिच्याखाली."

"छत्रीखाली कोण राहतं, अप्पा? टीव्हीपुढं बसतात," मी म्हटलं, आणि लोकेश आणि मी, दोघंही पोट धरून हसलो.

पुढे मी स्कूटरवर आणि मागे लोकेश छत्री पाठीला बांधून, असे आम्ही केलगेरीला पोचलो. आई उंबऱ्यावर बसली होती. शिलाईच्या गडबडीत महिनाभर मी गेले नव्हते. ती वाळलेली दिसली. गळ्याची हाडं वर आलेली. पावसाळ्यात तिला पित्त होतं, त्यातलंच असेल असं मला वाटलं.

"आलीस गे? मास्तरणी उघड्या बसल्यात की काय तिकडं?"

"तुझी छत्री आणलीय," मी म्हटलं.

आईनं लोकेशच्या पाठीवरची छत्री बघितली. मग अप्पांकडं बघितलं. अप्पा फणसाखाली उभे होते आणि पायाच्या अंगठ्याने माती उकरत होते. आई हसायला लागली. हसता हसता तिला ठसका लागला, डोळ्यांतून पाणी आलं, तरी थांबेना.

"बघा," ती अप्पांना म्हणाली. "बघा तुमच्या लेकीनं काय आणलंय."

मला बरं वाटलं. इतकी हसलेली तिला मी वर्षात बघितली नव्हती. मी आत जाऊन तांब्या भरून आणला. ती पाणी प्यायली, पण एकेक थेंब, चिमणीसारखी.

लोकेशनं कौलावर चढून मोबाईल आभाळाकडं धरला, इकडं तिकडं फिरला आणि खाली आला.

"मरा अड्ड ऐत्री, अक्का. झाड आडवं येतंय. इथं सिग्नल धरणार नाही." मग त्याची नजर शेताकडं गेली. "तो कट्टा म्हणता तो तोच काय?"

बांधाजवळ, फणसाच्या सावलीबाहेर, नवा कट्टा होता. छान घडीव दगडाचा, गिलावा केलेला, चारी कोपरे ओळंब्यात. लोकेश वायरचं भेंडोळं घेऊन तिकडं धावलाच. मी मागोमाग.

"भारी जागा काढलीय, आभाळ साफ मोकळं. आणि मधे खांबाला भोकसुद्धा ठेवलंय बघा," तो खूश होऊन म्हणाला. कट्ट्याच्या मधोमध खरंच एक चौकोनी पोकळी होती, तांब्या बसेल एवढी. त्यानं छत्रीचा खांब उचलून त्यात घातला आणि मला धरायला सांगितलं.

"नको," अप्पा म्हणाले.

ते कधी मागून आले कळलं नव्हतं. त्यांनी पोकळीवर हात ठेवला.

"काय नको, अप्पा? कट्टा छत्रीसाठीच बांधलाय ना?"

"छत्रीसाठीच बांधलाय."

"मग?"

"ही छत्री नव्हं, नूतन."

पलीकडच्या शेतात लक्कव्वा गवत कापत होती. आमची शेजारीण, आईच्याच वयाची. तिनं विळा खाली ठेवला आणि बांधावर येऊन माझ्याकडं बघत राहिली.

"निनगं गोत्तिल्लेन, तंगी?" ती म्हणाली. तुला ठाऊक नाही का, बाळ.

अळणावरकडच्या आमच्या गावी शेताच्या बांधावर समाधी बांधायची रीत आहे. माणसाला जाळतात, मूठभर राख कट्ट्यात ठेवतात आणि वर चार खांबांची दगडी छत्री उभी करतात. माझ्या आजोबांची आहे, आजीची आहे. लहानपणी त्या छत्रीखाली बसून मी शेंगा खाल्ल्यात. मला सगळं ठाऊक होतं. पण आई जिवंत असताना ते कसं आठवणार?

पायाखालची जमीन सरकली म्हणतात. माझी काही सरकली नाही. जमीन तिथंच होती, मी खांब धरून तिथंच उभी होते, आणि खांब त्या भोकात होता. ते भोक कशाचं आहे हे कळल्यावर मी हात असा काढून घेतला की छत्री लोकेशच्या अंगावर गेली. मी अप्पांना बोलले तेही भलतंच.

"तुम्ही मला फोनवर खांब किती म्हणून विचारत होता," मी म्हटलं. "मी दुकानात हसत होते, अप्पा."

"तुला नाही विचारायचं तर कुणाला विचारू?"

अन्ननलिकेत गाठ होती. अप्पांनी नाही, लक्कव्वानंच सांगितलं, अर्धं कन्नडात, अर्धं मराठीत. गौरी-गणपतीच्या आधीच दवाखान्यात कळलं होतं. उशीर झालाय, कापून उपयोग नाही, असं डॉक्टर म्हणाले. घास उतरत नव्हता. जिनं गावाला भाकरी घातली तिला चतकोर भाकरी जाईना. मी पंधरा मिनिटांच्या अंतरावर गळे कापत बसले होते, पुढचा गळा, मागचा गळा, आणि मला कुणी काही बोललं नाही. मला दुःख व्हायच्या आधी राग आला.

तोवर आई काठी टेकत आली. एवढंसं अंतर, पण वाटेत तीनदा थांबली.

"मी ह्यांना म्हटलं, नूतीला फोन करा आणि काय झालंय ते सांगा," ती म्हणाली. "तुझ्या बापानं फोन केला आणि छत्रीचं विचारलं. मग मी म्हटलं, चला, आता कळलं असेल लेकीला. पोरगी मोठ्या मनाची, काही बोलली नाही, छत्री बघून आणते म्हणाली."

"आई, मला वाटलं…"

"तुला काय वाटलं ते दिसालंय की पाठीला बांधून आणलेलं."

ती पुन्हा हसली. मला मात्र रडू फुटलं. मी तिथं चिखलात बसकण मारली आणि बारकी असल्यासारखी रडले. लोकेश बिचारा छत्री छातीशी धरून उभा, कुठं बघावं त्याला कळेना. आपलं काही चुकलं का, हे त्यानं लक्कव्वाला कन्नडात हळूच विचारलं.

"रड मागाहून," आई म्हणाली. "तो गडी उभा राहिलाय. काय रे बाबा, घरावर लागत नाही म्हणतोस?"

"झाड आडवं येतंय, अम्मा."

"फणस तोडतो," अप्पा म्हणाले. आयुष्यात त्यांनी फांदीसुद्धा दोनदा विचार करून छाटली होती.

"फणसाला हात लावायचा नाही. आणि इथं लागतंय?"

"इथं एक नंबर लागतंय," लोकेश म्हणाला आणि जीभ चावली.

आई कट्ट्यावर बसली. दगडावरून तळवा फिरवला, पिठाचा थर बघतात तसा. ही जागा तिनंच काढली होती, हे मला नंतर कळलं. तिथून घराचं दार दिसतं म्हणून.

"मग बसव इथंच. भोकात नको, ते माझं हाय. कडेला ठोक."

"तानू," अप्पा म्हणाले. आमच्यादेखत त्यांनी तिला नावानं हाक मारलेली मी ऐकली नव्हती.

"मी काय आज चाललेय? तोवर कट्टा रिकामाच न्हवं? मी आले की काढा."

लोकेशनं कडेला चार बोल्ट ठोकले. ठोकताना प्रत्येक वेळी तो अम्मांकडं बघायचा आणि अम्मा मान हलवायच्या. वायर बांधावरून, फणसाच्या खोडाला वळसा घालून, खिडकीतून आत गेली. मी आत टीव्हीपाशी बसून ओरडत होते, आलं, गेलं, आलं, थोडं डावीकडं. माझ्या तोंडातून हे शब्द कसे निघत होते मला माहीत नाही. डोकं बधिर आणि तोंड चालू. मग पडद्यावर एक बाई आली आणि स्वच्छ मराठीत कोथिंबीर कशी साठवावी ते सांगायला लागली.

आई खुर्चीत बसली. पदरानं तोंड पुसलं.

"हिला काय येतंय डोंबल," ती म्हणाली. "देठं काढालीय बघ."

मी शिलाई बंद केली. मास्तरणींना जुन्या ब्लाउजांवर दसरा करावा लागला, दिवाळीही. मी केलगेरीलाच राहिले. आई सकाळी थोडी झोपायची, दुपारी कण्हायची आणि संध्याकाळी मराठीत बसायची. दुखणं वाढलं तसं आम्ही आवाज वाढवला. अप्पा रोज सकाळी शेतात जाऊन छत्रीवर पडलेला पाला काढून यायचे. त्या वेळी ते कट्ट्याकडं बघायचे नाहीत, फक्त छत्रीकडं.

ती कार्तिकात गेली. बातम्या चालू होत्या. मला वाटलं डोळा लागला, म्हणून मी आवाज कमी केला, आणि तरी ती रागावली नाही, तेव्हा कळलं.

राख कट्ट्यात ठेवली. अप्पांनी पोकळीवर दगड बसवला आणि सांधा स्वतः भरला. महिन्यानं अळणावरहून केदारींच्या भावकीतले बाळू पाथरवट आले. आजोबांची छत्री त्यांच्याच वडिलांनी घडवलेली. त्यांनी कट्ट्याभोवती फेरी मारली, दोरी लावून चारी कोपरे बघितले आणि आमच्या डिशला बोटानं टिचकी मारली.

"हे काढून घ्या, सटवाजी. खांबाच्या आड येतंय. मग मी छत्रीचं माप घेतो."

मी पाना आणायला वळले. तेवढं तर करायलाच हवं होतं. आईच म्हणाली होती, मी आले की काढा.

"राहू दे, नूतन," अप्पा म्हणाले.

"मग छत्री कुठं बसवायची?" पाथरवटानं विचारलं.

अप्पांनी खांद्यावरचा टॉवेल काढला. डिशवर फणसाचं एक पान चिकटलं होतं ते उचललं, आतली बाजू गोल गोल पुसली, मग खालचा नट आवळलेला आहे का ते हातानं बघितलं.

"बसलीय की," ते म्हणाले. "ही छत्रीच हाय."

पाथरवट माझ्याकडं बघायला लागले. सात वाजत आले होते. मी घरात गेले, टीव्ही लावला आणि बांधापर्यंत ऐकू जाईल एवढा आवाज मोठा केला.