ताईचा कंट्रोलर

“अगं, नाही घेणार तो. कितीदा वायर काढशील नि घालशील!” धाकटा म्हणाला.

ताईनं तरी आणखी एकदा आपल्या जुन्या कंट्रोलरची वायर घातली. टीव्हीवर पुन्हा तेच आलं, हा कंट्रोलर या गेमला चालणार नाही. टीव्हीखाली गेमचं नवं यंत्र ऐटीत बसलं होतं. त्याच्याबरोबर आलेल्या दोन पांढऱ्याशुभ्र कंट्रोलरांपैकी एक धाकट्याच्या हातात होता, आणि दुसरा मांडीवर घेऊन भावजय बसली होती. तीही ताईच्या जागेवर, खाली जमिनीवर, पलंगाला पाठ टेकून.

“एवढं महागाचं यंत्र, आणि जुन्याला ओळख देत नाही मेलं?”

“जुने गेम चालतात ना त्याच्यावर. नव्या गेमला नवाच लागतो. कंपनीचं धोरण आहे ते.”

“धोरण कसलं डोंबलाचं! नवे खपवायचे धंदे.”

“ताईंचं बरोबर आहे,” भावजय म्हणाली. “हाताला बसलेली वस्तू अशी बाद कशी करतात? चालू द्यायला हवा होता.”

झालं! ताईच्या डोक्यात गेला तो तिचा समजूतदारपणा. माझी वकिली करणारी तू कोण, हे अगदी ओठांवर आलं होतं.

ताई लॉंड्रीत कामाला होती. हॉटेलांच्या चादरी इस्त्रीच्या गरम रुळांतून काढायचं काम. आई गेली त्याच वर्षी त्या रुळांनी तिच्या उजव्या हाताचा अंगठा नेला. नोकरी टिकली, मालकानं घड्या घालायला बसवलं. धाकटा लिफ्टची दुरुस्ती करणारा. त्यानं कंट्रोलर उघडला, उजवीकडच्या बटणांच्या वायरी मागे नेल्या आणि तिची बोटं पोचतील तिथे दाराच्या घंटीची बटणं बसवली. दिसायला निव्वळ ध्यान! पण त्या ध्यानावर दर रविवारी दोघांच्या शर्यती रंगायच्या. पुढे ताईचं लग्न काही जमलं नाही, त्याचं जमलं. नव्या जोडप्याला मोकळीक हवी म्हणून ती आपणहून लॉंड्रीजवळच्या खोलीत राहायला गेली. रविवार तेवढा तिचा उरला होता.

नवा गेम सुरू झाला. भावजयीची गाडी पहिल्याच वळणावर भिंतीवर आदळली आणि दोघं खो खो हसत सुटले. धाकट्यानं तिचा अंगठा धरून बटणावर ठेवला. “असं दाब. हळू, हळू!”

ताई बघत होती. दोन्ही अंगठे शाबूत, तरी गाडी भिंतीत! तिला मनातून बरं वाटलं आणि लगेच स्वतःचीच लाज वाटली. माणसं सोन्यानाण्याचा हेवा करतात. ही अंगठ्याचा करत होती.

“ढब्या,” ती म्हणाली, “ह्या नव्यालाही लाव की तशी बटणं.”

“लावीन गं. पण आत्ता उघडला तर वॉरंटी जाईल. वर्षभर थांब.”

वर्षभर!

“माझा उघडा ना,” भावजय पटकन म्हणाली. “गेली वॉरंटी तर गेली. ताई रविवारच्याच तर येतात.”

“नको. तुझं तुला लखलाभ.”

बोलून गेल्यावर ताईलाच ते कानांना टोचलं. भावजयीचं तोंड एवढंसं झालं. “चहा ठेवते,” म्हणून ती आत गेली.

धाकट्यानं बहिणीकडे रागानं पाहिलं. थोड्या वेळानं त्यानंच जुना गेम लावला. “चल. होऊन जाऊ दे.”

ताई जमिनीवर येऊन बसली. बोटं घंटीच्या बटणांवर गेली आणि तिचा जीव भांड्यात पडला. गाडी कशी सुसाट निघाली! “सरक बाजूला, आले बघ!” ती ओरडली. धाकटा पुढेच होता. शेवटचं वळण आलं आणि त्याची गाडी मंदावली. आदळली नाही, घसरलीही नाही. ताईनं तिरक्या नजरेनं पाहिलं. त्यानं बटणावरचं बोट उचललं होतं.

ती जिंकली.

“हरलो बुवा,” तो म्हणाला.

जन्मात ह्या पोरानं तिला एक डाव सोडला नव्हता. हाताला पट्टी होती तेव्हासुद्धा तिला हरवून घरभर नाचला होता आणि ती चप्पल घेऊन त्याच्यामागे धावली होती. आज त्यानं डाव सोडला, घरी आलेल्या पाहुण्याला सोडावा तसा.

भावजय चहा घेऊन बाहेर आली. “जिंकलात ना ताई? आतून ऐकलं मी!”

“हो गं.” ताई उठली, टीव्हीपासून लांबच्या खुर्चीवर जाऊन बसली आणि पदर सारखा केला. “ये, तू बस आता तिथे. आणि वळणावर ह्याला अजिबात सोडू नकोस.”

“अहो, पण तुमचा खेळ...”

“झाला माझा.”

भावजयीनं कप पुढे केला. ह्याच घरात वर्षानुवर्षं सगळ्यांचा चहा करणाऱ्या ताईनं तो दोन्ही हातांनी जपून घेतला.

“कशाला गं एवढा त्रास घेतलास?” ती म्हणाली.