डोकेदुखीपलीकडचं इंग्रजी

नशवा इजिप्तमधल्या पोर्ट सैदहून अ‍ॅटलासच्या डोंगरातल्या तिझ्गी गावात आली, तेव्हा बायकांना ती आधीच ओळखीची वाटली. इजिप्तच्या मालिका बघत त्या मोठ्या झालेल्या. हिनं तोंड उघडलं की त्यांना हसू फुटायचं. त्यांची आपापसातली बोली तमाझिग्त, आणि त्यातलं नशवाला अक्षर कळत नव्हतं. पण गावातल्या तूदा नावाच्या तिशीतल्या एका सुनेला अरबी चांगलं यायचं. दोघींचं तेवढ्यावर भागत होतं.

इंग्रजी शिकवायला ती हौसेनं आली होती, बिनपगारी. एका संस्थेनं राहायला खोली दिली होती आणि विणकामाच्या मागांशेजारची जागा वर्गासाठी. पहिल्या दिवशी बायकांनी खोली भरून टाकली. नशवानं फळ्यावर सफरचंद काढलं, लंडनचा पाऊस काढला, 'हे माझं पेन आहे' घोकून घेतलं. दुसऱ्या आठवड्यात निम्म्या जणी गळल्या. तिसऱ्या आठवड्यात उरल्या त्या चहा पिण्यापुरत्या.

तूदाची सासू, लाल्ला इत्तो, रोज दारातून जाताना टोमणा मारायची. "शिका हो, शिका. उद्या शेळ्या इंग्रजीत ओरडतील, तेव्हा कळायला नको का?"

नशवा एका संध्याकाळी फळा पुसता पुसता रडवेली झाली. घरी आईनं बजावलं होतं, परक्या मुलखात कुणाला तुझी गरज आहे ते आधी बघ. ते बघायचं राहूनच गेलं होतं. शेवटी तिनं तूदाला सरळ विचारलं, की बाई गं, तुम्हाला इंग्रजीत बोलायचंय तरी काय?

तूदा मान खाली घालून म्हणाली, "कुठं दुखतं ते सांगता आलं पाहिजे."

दर वसंतात परदेशी डॉक्टरांचं पथक गावात यायचं. त्यांना फक्त इंग्रजी यायचं. दुभाषा म्हणून मोहा बसायचा, पर्यटकांना डोंगरात फिरवणारा वाटाड्या. माणूस सज्जन, पण पुरुष. वर कुणाचा दीर, कुणाचा मामेभाऊ. त्याच्यासमोर अंगावरून जाण्याबद्दल कोण बोलणार? मागच्या वर्षी एकजात सगळ्या बायकांनी डोकं दुखतं म्हणून सांगितलं, आणि सगळ्या डोकेदुखीच्या गोळ्या घेऊन घरी आल्या.

नशवाला आधी हसू आलं आणि मग आपल्या सफरचंदाची लाज वाटली.

दुसऱ्या दिवसापासून सफरचंद गेलं. फळ्यावर बाईमाणसाचं अख्खं शरीर आलं. दार लावून घेतलं जाऊ लागलं. पोट, कंबर, ओटीपोट, पाळी, रक्त, जळजळ, कधीपासून, किती. काही शब्द नशवानं स्वतः कधी मोठ्यानं उच्चारले नव्हते. ते म्हणताना तिचेच कान तापायचे. बायका तोंडाला ओढणी लावून खिदळायच्या, पण गळालेल्या साऱ्या परत आल्या. तूदा तर कणीक मळताना, पाणी भरताना पुटपुटत राहायची. लाल्ला इत्तो म्हणायची, सुनेला बाधा झालीय.

पथक आलं तेव्हा शाळेच्या वर्गात पडदा बांधला होता. मोहा खुर्चीवर बसायच्या बेतात होता. तूदा पुढं झाली आणि म्हणाली, "मोहादादा, आज बायकांकडे मी बसते. तुम्ही पुरुषांची रांग बघा." त्यानं तिच्याकडे पाहिलं, मग मागच्या रांगेकडे पाहिलं, आणि सुटल्यासारखा बाजूला झाला.

पहिलीच आत गेली लाल्ला इत्तो. सून काय दिवे लावते ते बघायला, असं ती जाता जाता म्हणाली.

नशवा पडद्याबाहेर भिंतीला टेकून उभी राहिली. आतून आधी डॉक्टरीणबाईचा प्रश्न आला, मग तूदाची तमाझिग्त. मग म्हातारीचा आवाज, इतका हळू की तो तिचाच वाटेना.

आणि मग तूदाचं इंग्रजी. "डोकं नाही दुखत. बाळाचं घर खाली येतो. बाहेर येतो. धाकट्या मुलाच्या जन्मापासून. बसता येत नाही. तो कुणालाच बोलला नाही." सासूला तिनं सरसकट पुरुष करून टाकलं होतं. नशवाच्या जिभेवर चूक सुधारणं आलं. तिनं ओठ घट्ट मिटले. आत एकही प्रश्न अडत नव्हता. डॉक्टरीणबाई विचारत होती, तूदा सांगत होती. एका शब्दाला अडखळली तर हातानं दाखवून पुढं जात होती. यावर इलाज आहे, डॉक्टरीणबाई म्हणाली, आत एक रबरी कडं बसवलं की आराम पडेल. तूदानं ते सासूला सांगितलं. म्हातारी हुंदका देऊन रडली, आणि सूनही.

आपल्यावाचून काही अडत नव्हतं, हे आयुष्यात पहिल्यांदाच नशवाला इतकं गोड लागलं. इथं उभं राहून काय करायचं, म्हणून ती शाळेच्या अंगणातल्या चुलीपाशी गेली, पुदिन्याचा चहा ठेवला आणि रांगेतल्या बायकांना पेले देत सुटली.

थोड्या वेळानं लाल्ला इत्तो डोळे पुसत, पडद्याला धरून बाहेर आली. रांगेतली एक तरणी पोर निघून जायच्या विचारात होती. म्हातारीनं तिचं मनगट पकडून तिला जागेवर आणलं आणि काहीतरी बजावलं. शेजारी उभ्या बाईनं नशवाला अरबीत त्याचा अर्थ सांगितला.

"लाजू नकोस. आत माझी सून बसलीय. जे असेल ते तिला सांग."